सर्व्हर डाऊन की फीडर डाऊन?

तिसऱ्या वर्षी ‘क्लाऊड कॉम्प्युटिंग’ हा विषय घेतला तेव्हा पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, "क्लाऊड कुठे असतो?" मागच्या बाकावरून मी म्हणालो, "सर, माहूरला!" सगळा वर्ग हसला. मी काही खोटं बोललो नव्हतो. श्रावणात आमच्याकडे ढग इतके खाली उतरतात की रेणुकामातेच्या पायऱ्या चढताना चार पायऱ्यांपुढचा माणूस दिसत नाही. सरही हसले आणि मग त्यांनी खरं उत्तर दिलं: "ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल." म्हणजे ढग नवी मुंबईत, आणि तोही एमआयडीसीत!

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसला आहे. आपण दिवसभर जे काही ‘ऑनलाईन’ करतो ते शेवटी कुठल्यातरी इमारतीत होत असतं. या इमारतींना खिडक्या जवळजवळ नसतात, आत लोखंडी रॅकमध्ये सर्व्हर रचलेले, खाली बॅटऱ्यांच्या खोल्या, मागे डिझेल जनित्रांची रांग आणि गच्चीवर थंडाव्याची यंत्रणा. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार तिथेच, त्यामुळे देशातल्या डेटा सेंटरांच्या एकूण क्षमतेपैकी निम्म्याच्या आसपास क्षमता मुंबई आणि नवी मुंबईत गोळा झाली आहे. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुण्या-मुंबईत आपली केंद्रे सुरू केली, २०१६ साली ॲमेझॉन आली, २०१७ साली गूगल. जुलै २०२० मध्ये पनवेलला हिरानंदानी समूहाचे योट्टा एनएम-१ सुरू झाले, त्याची जाहीर क्षमता ७,२०० रॅक आणि ५० मेगावॅट. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला ॲमेझॉनने महाराष्ट्रात ८.३ अब्ज डॉलर गुंतवायचे जाहीर केले.

आता ५० मेगावॅट म्हटलं की आपण इलेक्ट्रिकलवाले समजल्यासारखी मान डोलावतो आणि पुढे जातो. मी तो आकडा घरच्या भाषेत आणून पाहिला. विहिरीवरची पाच एचपीची मोटार म्हणजे ३.७ किलोवॅट. ५० मेगावॅटवर अशा तेरा हजारांहून जास्त मोटारी एकदम चालतील. पण मोटारीला थ्री फेज लाईट आठ तास आणि डेटा सेंटरला चोवीस तास. म्हणून दिवसाच्या युनिटांचा हिशेब केला तर पूर्ण भाराने चालणारं असं एक डेटा सेंटर चाळीस हजार मोटारींएवढी वीज घेतं. जुन्या पद्धतीच्या एका रॅकला पाच-सहा किलोवॅट पुरायचे, म्हणजे दीड मोटार. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जे नवे रॅक येत आहेत ते १२० किलोवॅटपर्यंत गेलेत. एका कपाटात बत्तीस मोटारी! आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ साली जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, म्हणजे जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का, आणि २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांवर जाईल असा तिचा अंदाज आहे.

आकडे इथेच थांबवतो, नाहीतर हा लेख सेमिनार रिपोर्ट होईल. मला खरं सांगायचंय ते दिवाळीच्या सुट्टीत काकांच्या दुकानात घडलं.

आमच्या काकांचं माहूरला झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, खरं काम ऑनलाईन फॉर्म भरायचं. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, शिष्यवृत्ती, ई-केवायसी. सुट्टीत मी तिथे बसतो. त्या दिवशी सकाळीच लाईट गेलेली. आमच्याकडची लाईन डोंगरातून, सागाच्या जंगलातून येते. कुठे फांदी पडली, कुठे जंपर तुटला, की एकटा लाईनमन मोटरसायकलवर शोधत फिरतो. दुपारपर्यंत इन्व्हर्टर बसला. मग टॉवरची बॅटरी संपली असावी, कारण मोबाईलची रेंजही गेली. तेवढ्यात तांड्यावरून एक आजी आल्या. कापूस वेचणीचे दिवस, त्या मजुरी बुडवून आलेल्या, आणि ही त्यांची तिसरी खेप.

"काहून रे बा, आजबी नाही का?"

काका म्हणाले, "सर्व्हर डाऊन हाय माय. उद्या या."

आजी दोन मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "त्यो सर्व्हर राहतो कुठं? त्याच्या घरी जाऊन सांगते म्या."

दुकानातले लोक हसले. मला मात्र सरांचा तास आठवला. ऐरोलीला राहतो, आजी. आणि तो डाऊन नाहीये. तो अगदी मजेत आहे.

त्या गेल्यावर मी काकांना विचारलं, लाईट नाही म्हणून सरळ का नाही सांगितलं? काका म्हणाले, "लाईट गेली म्हटलं की माणसं येईल येईल म्हणून संध्याकाळपर्यंत बसून राहतात. सर्व्हर डाऊन म्हटलं की घरी तरी जातात." माहूर तालुक्यात सर्व्हरची किती बदनामी झाली असेल याचा हिशेब कोणी ठेवलाय का? (प्रत्येक वेळी सर्व्हर निर्दोष असतो असंही नाही. शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेला रात्री बारापर्यंत जागलेल्या हॉस्टेलवाल्यांना ते सांगायला नको!)

दुसऱ्या वर्षाला आपण सगळ्यांनीच घोकलंय की एकापाठोपाठ एक जोडलेल्या घटकांची विश्वसनीयता गुणाकाराने काढायची. डेटा सेंटरांच्या जगात टियर-३ म्हणजे ९९.९८२ टक्के, वर्षाला साधारण ९५ मिनिटं बंद. टियर-४ म्हणजे ९९.९९५ टक्के, वर्षाला २६ मिनिटं. ही तासाभराहून थोडी जास्त सुधारणा करायला दुहेरी फीडर, दुहेरी यूपीएस, दुहेरी जनित्रं, सगळंच दुहेरी लावतात. आता या साखळीचं दुसरं टोक माहूरला धरा. समजा रोज सरासरी एक तास लाईट जाते. एक तास म्हणजे आमच्याकडे तक्रारसुद्धा कोणी करत नाही. तरी वर्षाचे ३६५ तास झाले, म्हणजे उपलब्धता ९५.८३ टक्के. हिला टियर-३ ने गुणा, ९५.८२ येतात. टियर-४ ने गुणा, ९५.८३. तिकडे कोटींनी खर्च वाढला आणि आजींच्या पदरात एक शतांश टक्का पडला!

अंतराचं म्हणाल तर ते कारणच नाही. माहूर ते नवी मुंबई सातशे किलोमीटर धरा. फायबरमधून प्रकाशाला किलोमीटरमागे पाच मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे साडेतीन मिलिसेकंदांत आजींचा अंगठा ऐरोलीला पोचतो. अडतं ते दुकानापासून टॉवरपर्यंतच्या दीड-दोन किलोमीटरांत, आणि तिथे चार तास लागतात.

उलट बाजूही पाहा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई अंधारात गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. ही देशभराची बातमी झाली, चौकशी समित्या बसल्या. शेअर बाजार मात्र त्या दिवशी नेहमीसारखा चालू राहिला. जिथे ठरवलं तिथे वीज जाऊनही काम थांबत नाही, हे आपल्याच राज्यात सिद्ध झालेलं आहे. म्हणजे तंत्र आहे, पैसाही आहे. प्रश्न एवढाच की ‘इथे थांबता कामा नये’ असं कुठल्या जागेबद्दल ठरवायचं.

आणि हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. आपल्या सरांपैकी जे २००५ ते २०१२ च्या काळात शिकत होते त्यांना लोडशेडिंग सांगायला नको. राज्यात मागणी आणि पुरवठा यांत चार-पाच हजार मेगावॅटची तफावत होती. गळती आणि वसुली पाहून फीडरांचे गट पाडलेले, वसुली वाईट तर अंधार जास्त. खेड्यांत बारा-बारा तास लाईट नसायची. बाबा सांगतात, तेव्हा लग्नाचा मुहूर्त काढताना लोडशेडिंगचं वेळापत्रकही पंचांगाशेजारी ठेवायचे. त्याच काळात २००६ च्या जूनमध्ये पुण्याने एक वेगळी वाट काढली. उद्योगांच्या सीआयआय या संघटनेने पुढाकार घेतला, कारखान्यांनी मागणीच्या वेळी आपापली जनित्रं चालवायची, त्यांच्या वाट्याची सुमारे ९० मेगावॅट वीज शहराला मोकळी करून द्यायची आणि जादा खर्च पुण्याच्या ग्राहकांनी बिलातून सोसायचा. वीज नियामक आयोगाने मान्यता दिली आणि पुण्यातलं लोडशेडिंग थांबलं. ‘पुणे मॉडेल’ म्हणून ते गाजलं. त्यावर टीकाही झाली की पैसे असतील त्यांनाच उजेड. टीका खरी होती. पण त्यातली एक कल्पना मला आजही पटते: ज्याच्याकडे स्वतःची सोय आहे त्याने अडचणीच्या वेळी ग्रीडवरून थोडं बाजूला व्हावं.

डेटा सेंटरकडे सोय भरपूर असते. मोठमोठ्या बॅटऱ्या असतात, जनित्रं असतात. डिझेल जाळा असं मी म्हणत नाही, ऐरोलीच्या लोकांनी धूर का खावा? पण आतली सगळीच कामं काही आत्ताच्या आत्ता करायची नसतात. फोनवरून दुकानदाराला पैसे पाठवले तर ते क्षणात गेले पाहिजेत. फोटोंचा बॅकअप किंवा एखाद्या प्रचंड भाषा-मॉडेलचं प्रशिक्षण चार तास पुढे-मागे झालं तर कोणाचं अडतं? गूगलने २०२० पासून अशी थांबू शकणारी कामं स्वच्छ वीज जास्त असेल त्या वेळेला सरकवायला सुरुवात केली आणि २०२५ साली अमेरिकेतल्या वीज कंपन्यांशी टंचाईच्या वेळी यंत्रशिक्षणाचा भार कमी करण्याचे करारही केले. आपल्याकडे सौर वीज दुपारी मुबलक असते आणि ओढाताण होते ती संध्याकाळी. मग मॉडेलचं प्रशिक्षण दुपारी करा, संध्याकाळी सहा ते दहा जरा दमानं घ्या!

आमच्या शेतकऱ्याला हे ‘लोड शिफ्टिंग’ कोणी शिकवावं लागलं नाही. त्याला वर्षानुवर्षं आठवड्याचं चक्र आहे, काही दिवस दिवसा लाईट, काही दिवस रात्री. रात्री दोनला उठून, बॅटरीच्या उजेडात साप-विंचू बघत तो बारं देतो. माणसाचा भार रात्री सरकवता येतो आणि यंत्राचा दुपारी सरकवता येत नाही, हे मला कोणत्याच पुस्तकात सापडलेलं नाही. शेतीचे फीडर सौर विजेवर आणून दिवसा पाणी द्यायची योजना राज्याने २०१७ ला सुरू केली आणि २०२३ ला मोठी केली, ती पूर्ण व्हावी ही आई रेणुकेच्या चरणी प्रार्थना.

यावर आमच्या एका सरांनी मला चांगलंच उभं-आडवं घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की डेटा सेंटर हे वीज कंपनीसाठी सोन्यासारखं गिऱ्हाईक. चोवीस तास सपाट भार, बिल वेळेवर, दर औद्योगिक. शेतीचा दर स्वस्त ठेवता येतो तो अशाच ग्राहकांच्या जादा दरामुळे. म्हणजे ऐरोलीचं बिल माहूरच्या मोटारीला मदतच करतं. मुद्दा बरोबर आहे, मी निरुत्तर झालो. दोन दिवस. मग वाचलं की मोठ्या ग्राहकाला ओपन ॲक्सेसने दुसरीकडून वीज घेता येते आणि राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरना वीज शुल्काची माफी आहे. सवलत द्यायला माझा विरोध नाही, उद्योग यायला हवेत. पण सवलत हा जनतेचाच पैसा, तर तिला एखादी अट लावली तर काय बिघडलं?

अट काय, ते सांगतोच. त्याआधी हॉस्टेलच्या कट्ट्यावर रोज रात्री होणारी मागणी निकालात काढू: "सगळं मुंबईलाच का? एक डेटा सेंटर आपल्या मराठवाड्यात द्या!" टाळ्या पडतात. पण परळीचं औष्णिक केंद्र आठवा. वीजनिर्मितीचं केंद्र, आपल्या मराठवाड्याचा अभिमान, आणि पाण्यावाचून ते २०१३ ला बंद ठेवावं लागलं आणि २०१५ ला पुन्हा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ‘जलदूत’च्या पहिल्या फेरीत पाच लाख लिटर, पुढे पन्नास वाघिणींची गाडी आल्यावर पंचवीस लाख. आता डेटा सेंटर पाण्याच्या बाष्पीभवनाने थंड करायचं तर एका युनिटमागे साधारण १.८ लिटर पाणी धरतात. ५० मेगावॅटला दिवसाचे १२ लाख युनिट, म्हणजे साडेएकवीस लाख लिटर. रोज जवळजवळ एक जलदूत! पाण्याऐवजी हवेने थंड करता येतं, पण मग वीज जास्त लागते, त्यात आपला एप्रिल-मे. आणि एवढं करून इमारतीत माणसं लागतात किती? सुरक्षारक्षक, थोडे तंत्रज्ञ, पाळीतले दोन-चार इंजिनिअर. ज्याला आपण नोकऱ्यांचा कारखाना समजतो ते प्रत्यक्षात यंत्रांचं गोदाम आहे. त्यामुळे मला विचाराल तर ढग राहू दे तिकडेच. आपल्याला त्याचा पाऊस हवा.

तर अट. काकांच्या दुकानात नेमकं किती लागतं ते मी मोजलं. लॅपटॉप ६० वॅट, राऊटर १५, अंगठ्याचं यंत्र नगण्य, प्रिंटर अधूनमधून. सगळं मिळून दीडशे वॅट धरू. आठ तासांचे १.२ युनिट. एक-दोन सौर पॅनेल आणि दीड-दोन युनिटची लिथियम बॅटरी लावली की दिवसभर लाईट गेली तरी दुकान सुरू. तेवढीच सोय गावच्या टॉवरला आणि ग्रामपंचायतीत येऊन पडलेल्या फायबरच्या पेटीला केली की साखळी पुरी. (मी पाहिलेली एक पेटी कपाटावर होती आणि तिचा प्लग काढून तिथे पंखा लावला होता.) हे १.२ युनिट कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक रॅक किती वेळात खातो माहितीये? छत्तीस सेकंदांत. डेटा सेंटरला जी शुल्कमाफी मिळते तिच्यातला छोटासा हिस्सा अशा टोकाच्या जागांसाठी बाजूला काढायला लावावा, एवढीच माझी अट. आणि सरकारी सेवेचा ‘अपटाईम’ ऐरोलीच्या रॅकपाशी न मोजता गिऱ्हाईकाच्या खुर्चीपाशी मोजावा. शेवटच्या तारखेला तालुक्याचा फीडर बंद असेल तर त्या तालुक्यापुरती तारीख आपोआप पुढे गेली पाहिजे. फीडर कधी बंद होता याची नोंद उपकेंद्रात असतेच, ती फॉर्मच्या संगणकापर्यंत पोचवायला कुठलीही नवी विद्या लागत नाही.

आपल्याकडे दर वर्षी फायनल इयरला चार ‘स्मार्ट डस्टबिन’ आणि सहा ‘होम ऑटोमेशन’ तयार होतात. मीही त्याच वाटेवर होतो, खोटं कशाला बोलू. आमच्या गटाने आता विषय बदललाय: लाईट आणि रेंज गेल्याची वेळ स्वतः नोंदवणारी, चारशे-पाचशे रुपयांत बसणारी डबी. पहिली डबी माहूरला बसवली ती काकूंनी फोन चार्जिंगला लावण्यासाठी काढून ठेवली, त्यामुळे तूर्त वही वापरतोय. शंभर पानी वही, तीन रकाने: लाईट, रेंज, सर्व्हर. काका रोज वेळ लिहितात. सुट्टी संपताना पाहिलं तर पहिले दोन रकाने भरत आलेले आणि तिसऱ्यात मोजून थोड्याच नोंदी. आजींची चौथी खेपही तिच्यात आहे. त्या दिवशी लाईट होती, रेंज होती, काम दहा मिनिटांत झालं.

किनवट, हिमायतनगर, देगलूर, मुखेड, अहमदपूर, निलंगा, जिथे कुठे तुमच्या गावात असं दुकान असेल तिथे उन्हाळ्याच्या सुट्टीत ही वही ठेवायला कोण तयार आहे? वह्या आमच्याकडून. बी ब्लॉकला जिन्याशेजारची खोली, रात्री जेवणानंतर कधीही या. लाईट गेलेली असली तरी या.